जुन्या भिंतीला सिमेंट का सोसत नाही?

मे महिना निम्मा सरला की आमच्या सांगलीत दोन गोष्टी ठरलेल्या. कृष्णेच्या पातळीची चर्चा सुरू होते आणि जुन्या घरांच्या दारांवर महापालिकेच्या नोटिसा चिकटतात: "सदर इमारत धोकादायक आहे." मग गावभागात, खणभागात, मिरजेच्या गल्ल्यांत घरोघरी तीच बोलणी. पाडायचं की दुरुस्त करायचं? दुरुस्त करायचं ठरलं तर पहिला निर्णय कोणीही डोळे झाकून घेतो: जुना गिलावा खरवडा, सिमेंट मारा, पाच वर्षं बघायला नको.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातला प्रतापगडही आहे. तेव्हापासून "वारसा जपा" हे वाक्य फार ऐकू येतं. पण वारसा जपणं म्हणजे प्रत्यक्षात काय, तर बहुतेक वेळा एक भिंत, एक गवंडी आणि घमेल्यात कालवलेला माल. घमेल्यात काय आहे यावर ती भिंत पुढची शंभर वर्षं उभी राहणार की वीस वर्षांत भुसभुशीत होणार हे ठरतं. म्हणून आज फक्त घमेल्याबद्दल लिहितो.

आमच्या घरातली चूक आधी सांगतो. २००५ च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात खिडकीच्या पट्टीपर्यंत पाणी होतं. दोन फूट जाडीच्या भिंती, खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटा, सगळं चुन्यात बांधलेलं. पाणी ओसरल्यावर गिलाव्याचे पोपडे सुटले. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पाच फुटांपर्यंत सगळं खरवडलं आणि वॉटरप्रूफिंगची पावडर घालून सिमेंटचा गिलावा केला. भिंत काचेसारखी गुळगुळीत झाली. घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं.

तीन-चार वर्षांनी सिमेंट संपतं तिथे, बरोबर पाच फुटांच्या वर, ओलीचा पट्टा दिसायला लागला. म्हणजे पूर्वी कमरेएवढी येणारी ओल आता छातीपर्यंत चढली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमचा दरवाजा बुडाला. त्या दिवाळीत सोप्यातल्या भिंतीचा एक मोठा तुकडा, परातीएवढा, एकसंध खाली आला. उलटा करून पाहिला तर मागे विटांचे चेहरे चिकटून आलेले. भिंतीत बोट घातलं तर वीट नव्हतीच, लाल भुकटी होती. ती भुकटी मुठीत धरली तर ओली, आणि जिभेला लावली तर खारट.

## भिंत पाणी पिते

जुनी वीट, चुना, माती, दगडांमधल्या सांधी, या सगळ्यांत डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. दिव्याची वात तेलात बुडवली की तेल आपोआप वर चढतं. ते कोणी ढकलत नाही. बारीक जागेत द्रव स्वतःहून वर सरकतो, याला केशाकर्षण म्हणतात. जमिनीतली ओल भिंतीत अशीच चढते.

सांगलीची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. त्यात नदी उशाशी. म्हणजे आपल्या जुन्या भिंती वर्षातले निदान चार महिने वातीसारख्या पाण्यात उभ्या असतात. आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हतं असं समजू नका. त्यांच्याकडे पाणी अडवणारा पदार्थ नव्हता, म्हणून त्यांनी दुसरी युक्ती केली: पाणी येऊ द्यायचं आणि तितक्याच सहज जाऊ द्यायचं. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. रात्री प्यायलेलं पाणी दिवसा वाऱ्यावर उडून जातं. भिंत थोडी ओली राहते, पण भिजून चिंब होत नाही.

घरातला माठ आठवा. माठ पाझरतो म्हणून त्यातलं पाणी गार राहतं. त्याला बाहेरून ऑइल पेंट लावला तर पाझर बंद. जुनी भिंतही माठाच्याच जातीची आहे.

आता तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की काय होतं? जून महिन्यात बंद रेनकोट घालून चढावर सायकल मारून बघा. बाहेरचा पाऊस अंगाला लागत नाही, पण घरी पोहोचेपर्यंत आतला शर्ट घामानं निथळत असतो. सिमेंट बाहेरचं पाणी थोडंफार अडवतं, पण खालून आलेलं पाणी आत कोंडतं. वाट मिळेपर्यंत ते वर चढत राहतं. आमचा पाच फुटांवरचा पट्टा म्हणजे त्याला सापडलेली पहिली उघडी खिडकी होती.

आमच्याकडे नंतर कामाला आलेले मिरज तालुक्यातले म्हातारे गवंडी, सगळे त्यांना तात्या म्हणतात, त्यांनी भिंतीवर नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "मेणकापड गुंडाळलंय हो तुम्ही हिला. घाम येऊ द्या की भिंतीला."

## लोणा: खरा वैरी पाणी नव्हे, मीठ

नुसत्या पाण्यानं वीट मरत नाही. विहिरीच्या विटा पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात असतात. वीट मारतं ते पाण्याबरोबर आलेलं मीठ. आपण ज्याला "भिंतीला लोणा लागला" म्हणतो तो हाच.

शेतात दिवसभर राबलेल्या माणसाच्या गडद शर्टावर पाठीला पांढरा नकाशा उमटतो. घामातलं पाणी उडालं, मीठ मागे राहिलं. भिंतीतही तेच. जमिनीतले क्षार पाण्यात विरघळून वर येतात, पाणी उडून जातं, क्षार तिथेच जमतात. पुराचं पाणी तर संडास, गोठे, खतं सगळं धुऊन आणतं, त्यामुळे पुरानंतरच्या भिंतीत क्षारांचा साठा एकदम वाढतो.

आता मुख्य प्रश्न असा: पाणी उडतं कुठे? चुन्याच्या गिलाव्यातून ते पृष्ठभागावर उडतं, म्हणून क्षारही बाहेर, डोळ्यांसमोर फुलतात. पांढरी कापसासारखी बुरशी वाटते, पण ती बुरशी नसते. कोरड्या ब्रशनं झाडली की गेली. सिमेंटच्या गिलाव्यामागे मात्र पाणी आतच अडतं आणि क्षारांचे खडे विटेच्या आत, कातडीखाली तयार होतात. खडा वाढताना त्याला जागा लागते. पिंपळाचं मूळ दगडाच्या फटीत शिरून जसा दगड फोडतं, तसा हा खडा विटेच्या छिद्राच्या भिंती फोडतो. एका पावसाळ्यात काही दिसत नाही. दरवर्षी विरघळायचं, पुन्हा खडे व्हायचं, पुन्हा ढकलायचं. दहा-बारा वर्षांत विटेची भुकटी होते आणि बाहेरून गिलावा तसाच चकचकीत दिसत असतो.

भर म्हणजे सिमेंटमध्ये स्वतःचेच काही विरघळणारे क्षार असतात. तेही या साठ्यात जातात.

लाकडाचं दुखणं याहून मोठं. वाड्यातल्या सागवानी तुळयांची टोकं भिंतीत रुतलेली असतात. भिंत कोरडी होत राहिली तर तो साग दीडशे वर्षं ठणठणीत राहतो. भिंत कोंडली की तुळई मधे खणखणीत वाजते आणि टोकाला कुजते, नेमकी जिथे सगळा भार टेकलेला असतो तिथे. आमच्या एका तुळईच्या टोकात स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत शिरला. त्या रात्री आम्ही कोणी त्या खोलीत झोपलो नाही.

## चुना म्हणजे नेमकं काय

पानाला लावतो तोच. पण त्याचा प्रवास मला फार सुंदर वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

चुनखडी म्हणजे मुळात दगडच. भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ४४ किलो वायू उडतो आणि ५६ किलो कळीचा चुना हातात येतो. ही कळी पाण्यात सोडली की ती फुसफुसते, उकळते, वाफा सोडते. याला चुना विरवणं म्हणतात. विरवलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. आठवडे, महिने मुरवतात.

तो भिंतीला लावला की हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. भट्टीत गमावलेले ते ४४ किलो तो भिंतीवर बसून वर्षानुवर्षं परत मिळवत असतो. म्हणजे चुन्याचा गिलावा हा अक्षरशः भिंतीवर पसरलेला दगड आहे. आधी पातळ केलेला, मग सावकाश पुन्हा घट्ट झालेला.

जुन्या किल्ल्यांवर आणि वाड्यांजवळ गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक दिसतं ना, ती चुन्याची घाणी. बैल जुंपून चुना आणि वाळू तासन्‌तास मळत. मळणं जितकं जास्त तितका माल चिवट. त्यात विटांची पूड म्हणजे सुरखी घालत. गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचं पाणीही घालत. प्रत्येक गावाची, प्रत्येक घराण्याची आपली रीत होती. या गोष्टी ऐकीव पोथीतल्या नाहीत. आजही संरक्षित स्मारकांच्या दुरुस्तीत चुन्यासोबत गूळ, बेल, उडीद वापरले जातात.

सिमेंट याच घराण्यातलं, पण स्वभावानं वेगळं. चुनखडीत चिकणमाती मिसळून ती साधारण १,४५० अंशांपर्यंत भाजली की सिमेंटचा मूळ माल तयार होतो. १८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्यानं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. भारतात ते नियमितपणे बनायला लागलं १९१४ मध्ये, पोरबंदरला. हे साल मुद्दाम लक्षात ठेवा. तुमचं घर त्याआधीचं असेल तर त्यात सिमेंट असण्याची शक्यता जवळजवळ नाही. नंतरच्या वीस-तीस वर्षांतली गावाकडची बहुतेक घरंही चुन्यात किंवा मातीतच आहेत.

## "पण सिमेंट तर जास्त मजबूत ना?"

हो, आणि अडचण तीच आहे.

घरातल्या फ्यूजची तार जाड तांब्याची घातली तर ती "मजबूत" होईल. पण मग जास्त करंट आल्यावर तार वितळणार नाही, टीव्ही जळेल. फ्यूज मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो, कारण तो बदलणं स्वस्त आहे. भिंतीत चुन्याचं काम हेच. उन्हानं, ओलीनं, जमिनीच्या हालचालीनं भिंत रोज केसभर हलते. चुना मऊ असल्यामुळे तो हालचाल सोसतो. झीज झाली तर ती सांध्याची होते, दगड-वीट वाचते. वीस-तीस वर्षांनी सांधे पुन्हा भरायचे, ज्याला गवंडी दरजा भरणं म्हणतात, आणि भिंत पुन्हा नवी.

सांधा विटेपेक्षा टणक झाला की सगळा ताण विटेवर जातो. सिमेंटनं दरजा भरलेल्या जुन्या दगडी भिंती नीट बघा. काही वर्षांनी सिमेंटच्या रेषा ताठ उंच उभ्या असतात आणि मधला दगड किंवा वीट आत खचलेली. मालकाला वाटतं, "बघा, सिमेंट अजून शाबूत आहे!" सिमेंट शाबूत आहे, भिंत गेली.

चुन्याचा आणखी एक गुण सिमेंटमध्ये फारसा नाही. केसासारखी बारीक चीर पडली आणि तिच्यात पावसाचं पाणी गेलं तर ते थोडा चुना विरघळवतं आणि चिरेतच पुन्हा साठवतं. बारीक जखम आपली आपण भरून येते.

मी सिमेंटचा वैरी नाही. नव्या आरसीसी घराला, स्लॅबला, टाकीला सिमेंटच हवं. जुन्या घराला आधाराची नवी चौकट द्यायची असेल तर इंजिनिअर सांगेल तशी द्यावीच. माझं म्हणणं एवढंच की जी भिंत चुन्यात किंवा मातीत जन्मली तिच्या अंगाला सिमेंट लावू नका. मातीच्या भिंतीला तर अजिबात नको. जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव या भागातल्या पांढऱ्या मातीच्या भिंती आणि माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं उन्हाळ्यात इतकी गार का असतात हे तिथे राहिलेल्यालाच कळतं. त्या भिंतीवर सिमेंट धड चिकटत नाही. मधे फट राहते, फटीत पाणी शिरतं, आणि आतली माती चिखल होऊन एके दिवशी पोटातून ढासळते. मातीला मातीचा किंवा चुन्याचा हात हवा.

## गिरणीची चिमणी

वारसा म्हटलं की डोळ्यांसमोर किल्ला, देऊळ, राजवाडा येतो. आमच्याकडे गणपती मंदिर आणि गणेशदुर्ग. ते आहेतच. पण ज्या भिंतींमध्ये हजारो माणसांनी भोंग्यावर आयुष्य काढलं त्या गिरण्यांना वारसा म्हणायला आपली जीभ अजून अडखळते. सांगलीला लागून माधवनगर आहे, तिथली कॉटन मिल बंद पडून वर्षं झाली. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली आणि त्या शहराचं वळणच बदललं. तिथे गिरणीत "लागलेले" आजोबा आमच्या भागातल्याही कितीतरी घरांत होते.

या गिरण्यांच्या उंच चिमण्या चुन्याच्या मालाचा उत्तम धडा आहेत. आत बॉयलरचा गरम धूर, बाहेर पाऊस आणि वारा. आतली बाजू फुगते, बाहेरची आकसते. सुट्टीच्या दिवशी बॉयलर बंद, मग सगळीच थंड होते. आणि एवढी उंच वस्तू वाऱ्यात थोडी डोलतेही. हे सगळं सोसायचं तर सांधे लवचिक हवेत. म्हणून त्या काळात चिमण्यांच्या विटा चुन्यात रचत. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असलेल्या शेड्स, ज्यांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून असतात, तीही अशीच विचारपूर्वक केलेली गोष्ट: सूर्य थेट आत येत नाही, पण मागावर दिवसभर सारखा उजेड पडतो, धागा तुटलेला लगेच दिसतो.

अशी शेड किंवा चिमणी "डागडुजी" म्हणून सिमेंटनं लिंपून टाकली की ती वाचवली असं वाटतं. मला त्यात फार मोठी हानी दिसते, कारण पाडलेली इमारत निदान गेली हे कळतं. ही आतून जाते.

## "पुरात चुना विरघळून जाईल की!"

सांगलीकरांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका हे आकडे आमच्या लहान पोरांनाही पाठ असतात.

उत्तरासाठी वर वाईला चला. कृष्णा तिथून खाली आपल्याकडे येते. वाईच्या घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ रास्ते घराण्यानं १७६२ मध्ये बांधलं. देऊळ जवळजवळ नदीतच आहे. त्याची नदीच्या येण्याच्या बाजूची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पुराचा लोंढा आपटण्याऐवजी दोन बाजूंना फाटतो. वाई आणि मेणवलीचे घाट असेच दरवर्षी पुराखाली जातात आणि वर येतात. हे सगळं भारतात सिमेंट बनायला लागण्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधीचं आहे.

याचं रहस्य असं की चुना दोन तऱ्हेचा असतो. शुद्ध चुना फक्त हवेत घट्ट होतो. तो ताजा असताना पाण्यात टाकला तर खरोखर विरघळत जाईल. पण चुन्यात सुरखी मिसळली, किंवा मुळातच चिकणमाती असलेल्या खड्यांचा चुना वापरला, तर तो पाण्याशी संयोग पावून पाण्याखालीही घट्ट होतो. याला जलसह चुना म्हणू. घाट, धरणं, हौद, पुलांचे पाये यांसाठी तोच वापरत. आपल्या जोत्याला आणि खालच्या पाच-सहा फुटांना सुरखी मिसळलेलाच माल हवा. आणि तो लावायचा दिवाळीनंतर, म्हणजे पावसाळ्यापूर्वी त्याला सहा महिने मिळतात. मे अखेरीस घाईनं लावलेला चुना जुलैत धुपला तर दोष चुन्याचा नाही.

## पूर ओसरल्यावर भिंतीचं काय करायचं

सगळ्यात आधी: घाई नाही. मला माहीत आहे, गणपती तोंडावर असतात, घरात पाहुणे यायचे असतात, भिंतींचे पोपडे बघवत नाहीत. पण ओली भिंत झाकणं म्हणजे ओली गोधडी घडी घालून पेटीत ठेवणं. दोन फुटांची भिंत वाळायला एक उन्हाळा लागतो, कधी दोन.

चिखल ओला असतानाच धुऊन काढा. सुकलेला चिखल खरवडताना गिलावाही जातो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा. सिमेंटचा जुना गिलावा असेल तर ओलीच्या रेषेच्या वर फूटभर जाईपर्यंत तो काढून टाका, पण छिन्नी हलक्या हातानं आणि ब्रेकर मशीन अजिबात नाही. भिंत उघडी ओंगळ दिसेल, दिसू द्या. लोणा फुलला की कोरड्या ब्रशनं झाडा, सुपलीत गोळा करा आणि बाहेर फेका. पाण्यानं धुतलात तर तेच मीठ पुन्हा आत जातं. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते.

भिंतीच्या बाहेरचा भागही बघा. आपण अंगणात भिंतीला अगदी भिडवून कोबा करतो, पेव्हर ब्लॉक बसवतो. जमिनीतली ओल मग सगळीकडून बंद होऊन एकाच वाटेनं, भिंतीतून, वर येते. भिंतीलगत हातभर पट्टी उघडी ठेवून तिच्यात खडी भरा. पन्हाळीचं पाणी जोत्यापासून लांब सोडा. या दोन कामांना चुनाही लागत नाही, आणि निम्मी ओल इथेच कमी होते असा माझा अनुभव आहे.

भिंत वाळल्यावर चुन्याचा गिलावा, वरून नीरूचा, म्हणजे गाळलेल्या बारीक चुन्याचा हात आणि चुन्याचीच सफेदी. ऑइल पेंट, प्लॅस्टिक पेंट, पुट्टी नको, नाहीतर माठाला रंग दिल्यासारखं होईल. भिंत श्वास घेते की नाही ते बघायला पाण्याचे दोन थेंब टाका. शोषले गेले तर ठीक, ओघळले तर वर काहीतरी बंद करणारा थर आहे.

एक सावधगिरी मात्र कळकळीनं सांगतो. कळीचा चुना विरवताना उकळतो आणि उडतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा, हातमोजे, मुलं लांब. आणि कळीवर पाणी ओतायचं नाही, पाण्यात थोडी थोडी कळी सोडायची.

## नोटीस आली म्हणजे पाडायलाच हवं का

राज्यात धोकादायक इमारतींची वर्गवारी सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ अशी केली जाते. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. म्हणून नोटीस हातात आली की पहिला प्रश्न विचारा: वर्ग कोणता? सी-१ असेल तर जीव आधी, वाद नंतर. बाकी तिन्हींत दुरुस्तीला जागा आहे. स्ट्रक्चरल ऑडिट करणारा इंजिनिअर निवडताना त्यानं चुन्याची, लाकडाची घरं पूर्वी तपासली आहेत का, हेही विचारा. फक्त आरसीसी पाहिलेल्या डोळ्यांना प्रत्येक वाडा पडायला आलेलाच दिसतो.

"वारसा यादीत नाव गेलं तर आपलंच घर आपल्याला हात लावता येणार नाही" ही भीतीही खूप ऐकतो. तीन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते. काही स्मारकं केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानं संरक्षित असतात. त्यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचा पट्टा असतो. काही राज्याच्या १९६० च्या कायद्यानं संरक्षित असतात. तिसरी म्हणजे शहराच्या नगररचनेतली वारसा यादी, जिथे इमारतींना श्रेणी देतात. श्रेणी जितकी खालची तितकी बदलाची मोकळीक जास्त. आपले बहुतेक वाडे या तिन्हींपैकी कशातच नाहीत. त्यांचं रक्षण करणारा एकच माणूस आहे, त्याचा मालक.

## खर्च आणि गवंडी

चुन्याचं काम महाग पडतं, ही तक्रार खरी आहे. चुना काही फार महाग नाही, मजुरी महाग आहे. सिमेंटचा गिलावा एका दिवसात होतो. चुन्याला थर द्यायचा, थांबायचं, पाणी मारायचं, सावली धरायची, थापीनं दाबायचं, पुन्हा थांबायचं. हे सगळं जमणारे हात कमी झालेत. पण ज्या भिंतीला आम्ही सिमेंट लावलं होतं ती काढणं, भुकटी झालेल्या विटा बदलणं आणि तुळईचं टोक कापून नवा साग जोडणं यात जे गेलं, त्यात आधीच दोनदा चुना झाला असता.

सगळं घर एकदम करायला हवं असंही नाही. सगळ्यात ओली एक भिंत घ्या. जुना काम केलेला गवंडी शोधा आणि त्याच्या हाताखाली एक तरुण ठेवायला सांगा. तात्यांबरोबर त्यांचा नातू येत होता. पहिल्या आठवड्यात तो कंटाळून मोबाइल बघत बसायचा. तिसऱ्या आठवड्यात तोच मला सांगत होता, "काका, आज नको, माल अजून ताव धरंना." मालाला ताव आला की नाही हे तो बोटानं दाबून ओळखायला शिकला होता. बोट उमटलं पाहिजे, पण माल बोटाला चिकटता कामा नये.

आमच्या भिंतीला आता काही पावसाळे झाले. पाच फुटांवरचा तो पट्टा गेला. जोत्यालगत वीतभर अजूनही दर श्रावणात पांढरं फुलतं. आई केरसुणीनं ते झाडते, सुपलीत घेते आणि परसात न टाकता रस्त्यापलीकडे नेऊन टाकते. ते मीठ भिंतीतून बाहेर आलंय, तिला ते पुन्हा जवळपास नको असतं.